कोणत्या सालातले चर्च?

वेल्सच्या दक्षिण भागात, स्वॉन्झीपासून जवळच, लखर नदीच्या दलदलीच्या काठावर सेंट टेलोचे चर्च होते. ते कुणा एका वास्तुविशारदाचे काम नव्हे. मुख्य दालन आणि वेदीचा भाग आधी झाला, पुढे बाजूला दालन जोडले गेले, मध्ययुगाच्या अखेरीस दक्षिणेकडचा भाग वाढला. गावाच्या हाती पैसा आला, माणसे वाढली, की चर्चला एक भिंत पुढे सरकवायची, असा तो कारभार.

नदीला भरती आली की आवारात पाणी शिरायचे. एकोणिसाव्या शतकात वस्ती पॉन्टारदुलाइसकडे सरकली, तिथे नवे चर्च झाले आणि जुने मागे पडले. १९७०च्या सुमारास नियमित प्रार्थनाही थांबली. मग छपराच्या पाट्या चोरीला गेल्या आणि पाऊस थेट भिंतींवर कोसळू लागला.

गंमत अशी, की या दुर्दशेनेच चर्चचे खरे धन उघडे केले. ओलीने चुन्याचे थर सुटले आणि खालून तांबडा, पिवळा रंग डोकावू लागला. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत चर्चमधली चित्रे मूर्तिपूजा म्हणून पुसली गेली. गावोगावी त्यांच्यावर चुना फासला गेला आणि नंतर धर्मवचने रंगवली गेली. जो चुना चित्रे नाहीशी करण्यासाठी लावला, त्यानेच ती सांभाळली. हातात चक्र घेतलेली सेंट कॅथरीन सापडली. बाळ ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा सेंट क्रिस्टोफर सापडला. आणि ख्रिस्ताची विटंबना करणारी माणसे. त्यांतला एक तर त्याच्या तोंडावर थुंकतो आहे! ते चित्र पाहताना गावच्या चित्रकाराचा राग जाणवतो. वाचता न येणाऱ्या माणसांसाठी हाच धर्मग्रंथ होता.

१९८४ साली कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स या खुल्या संग्रहालयाने चर्च उतरवायला घेतले. चित्रे भिंतीवरून अलगद काढली, दगड खुणा घालून हलवले. पण पुन्हा उभारायचे तर कोणत्या सालातले? अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या बाकांचे आणि पांढऱ्या भिंतींचे, की पडझड झालेले? संग्रहालयाने १५३०च्या आसपासचा काळ निवडला, म्हणजे चुना फासला जाण्याच्या थोडे आधीचा.

या निवडीवर आक्षेप घेता येतो. नंतरच्या शतकांत तिथे प्रार्थना केलेल्या पिढ्यांचे चर्च यात हरवले. जिथे मूळ पुरावा नव्हता, तिथे वेल्समधल्या आणि बाहेरच्या इतर चर्चांच्या आधारे तर्क करावा लागला. तरीही मला निर्णय योग्यच वाटतो. पांढऱ्या भिंतींची चर्चे वेल्समध्ये पुष्कळ आहेत. भिंतभर रंगांत न्हालेले चर्च पाहायला मात्र कुठे जाणार?

काम वीस वर्षांहून जास्त चालले, कारण घाई करायचीच नव्हती. भिंतींना सिमेंट नाही, चुनाच. ओकचे लाकूड जुन्या हत्यारांनी तासलेले. वेदी आणि लोक यांच्यामधला कोरीव लाकडी पडदा, त्यावरचा सज्जा, सगळे नव्याने घडवून रंगवले. चित्रांचे मूळ तुकडे संग्रहालयाने जपले आणि भिंतींवर त्यांच्या आधारे नवी चित्रे काढली. या कामात सुतार, गवंडी, चित्रकार ज्या गोष्टी शिकले, त्या पुस्तकातून शिकता आल्या नसत्या. २००७ साली कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांच्या हस्ते चर्च खुले झाले. ते स्वतः स्वॉन्झीचे.

कार्डिफला कुणी नातेवाईक असतील, तर एक दिवस सेंट फॅगन्ससाठी जरूर राखा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आत शिरताच समोरच्या भिंतीवर क्रिस्टोफर शोधा. त्याचे दर्शन झाले की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी मध्ययुगातल्या लोकांची श्रद्धा होती, म्हणून त्याला दारासमोरची जागा देत.