पाहुण्याने तोंड उघडावे का?

पाहुण्याने यजमानाच्या घरच्या भांडणात पडू नये, हा आपला शिष्टाचार. पण पाहुणा वीस-वीस वर्षे त्याच घरात राबला, मुलेबाळे तिथेच झाली, तर त्याला पाहुणा तरी किती दिवस म्हणायचे? मुंबईकरांनी तर उलटीच तऱ्हा पाहिली आहे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांना सरकारने १९१९ साली विलायतेला रवाना केले, आणि ते तर राज्यकर्त्यांच्याच गोतातले!

पण मला विलक्षण वाटते ती हॅरी ब्रिजेसची हकीकत. हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला खलाशी १९२० साली अमेरिकेत उतरला, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत कामाला लागला आणि १९३४च्या मोठ्या संपाचा पुढारी झाला. झाले! ‘हा कम्युनिस्ट, याला हाकला’ अशी ओरड उठली. १९३९ साली हार्वर्डच्या कायदेशाळेचे प्रमुख लँडिस यांच्यापुढे चौकशी झाली. आरोप शाबीत झाला नाही. तुम्हांला वाटेल, प्रकरण मिटले. छे! १९४० साली कायदाच बदलला. आज सभासद असण्याची गरज नाही, पूर्वी कधी असला तरी पुरे! पुन्हा चौकशी, पुन्हा हद्दपारीचा हुकूम. अखेर जून १९४५मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध तीन मतांनी तो रद्द केला. देशात राहणाऱ्या परकीयालाही भाषणस्वातंत्र्य आहे, असे न्यायमूर्ती डग्लस यांनी स्वच्छ लिहिले. मात्र निकालाचा पाया होता पुराव्यातल्या उणिवा. ही मेख पुढे नडली.

१९५२ साली तिघेजण त्याच कोर्टापुढे आले. तिघांचेही पक्षाचे सभासदत्व केव्हाच संपलेले. त्यांतली एक बाई तेराव्या वर्षी रशियातून आलेली, नवरा अमेरिकन, तिन्ही मुले अमेरिकन. कोर्ट म्हणाले, हद्दपारी ही शिक्षाच नव्हे! आता आईला मुलांपासून तोडणे ही शिक्षा नव्हे, तर काय म्हणावे? डग्लस या वेळी अल्पमतात होते.

२०२५ साली पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणारे परदेशी विद्यार्थी तिथे पकडले गेले; काहींपाशी कायम वास्तव्याचा परवानाही होता. सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या एका न्यायाधीशाने त्यांचा बोलण्याचा हक्क नागरिकांइतकाच मानला. तरी आमच्या शेजारच्या वहिनी तिकडे शिकणाऱ्या मुलाला फोनवर बजावतात, “सभाबिभांना जाऊ नकोस हो!” तो काय उत्तर देतो, ते मात्र भिंतीपलीकडे ऐकू येत नाही.