प्लॅस्टिकची खिडकी आणि पडद्याची दांडी

विषय तसा लहानच आहे. पण ज्याच्या अंगावर पडद्याची दांडी पडली आहे त्याला तो लहान वाटायचा नाही. आमच्या घरी ती पडली माझ्या वडिलांच्या खांद्यावर. वय ऐंशीच्या पुढे. सकाळी डोळ्यांवर ऊन आलं म्हणून उठले, पडदा ओढला, आणि दांडी, कड्या, पडदा सगळंच खाली आलं. चूक माझीच होती. खिडकीच्या पांढऱ्या चौकटीतच मी चार स्क्रू पिळले होते. सागवानी चौकटीत आजवर तसंच करत आलो होतो ना!

गोम इथेच आहे. सागवान भरीव असते. स्क्रूचे आटे लाकडात रुतून बसतात. हल्लीची यूपीव्हीसी नावाच्या कडक प्लॅस्टिकची चौकट मात्र आतून पोकळ, कप्प्याकप्प्यांची असते. तिचा पत्रा म्हणावा तर जेमतेम २ ते ३ मिलिमीटर जाड. स्क्रूचे दोन-तीन आटे काय ते धरतात. पडदा रोज ओढावा, भोक रोज थोडे मोठे व्हावे, असा हा प्रकार. शिवाय हे प्लॅस्टिक उष्णतेने लोखंडाच्या पाच-सहा पट वाढते. दीड मीटरच्या चौकटीचे तापमान ३० अंशांनी चढले की लांबी सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. दुपारी फुगायचे, रात्री आक्रसायचे. मग स्क्रू सैल होणार नाही तर काय?

कोणी म्हणेल, आत लोखंडी पट्टी असते की! पुष्कळ चौकटींत असते, खरे आहे. चांगला जोरकस लोहचुंबक बाहेरून फिरवला तर तिचा ठाव लागतो. हलक्या जाळीच्या पडद्याला तिचा आधार चालेलही. पण तिथे पाडलेल्या भोकातून पाणी शिरले तर पट्टी गंजते, आणि भोक काचेच्या बाजूला सरकले तर काचच तडकायची.

म्हणून भार चौकटीवर नको, भिंतीवर हवा. हे मला शिकवले आमच्या सुताराने. मी पडलो भाषेचा मास्तर! खिडकीच्या वर लिंटलचे काँक्रीट लागते, तिथे साधे ड्रिल नुसते फिरत राहते; ठोके देणारे ड्रिल आणावे. भोक पाडले की धूळ फुंकून काढावी आणि दुकानात जिला गिट्टी म्हणतात ती प्लॅस्टिकची खुंटी ठोकून मग स्क्रू पिळावा. गिट्टी गिलावा ओलांडून आत गेली पाहिजे. गिलाव्यातच राहिली तर एके दिवशी पोपड्यासकट हातात येते.

शिक्षक मंडळींनी इकडे जरा लक्ष द्यावे. वर्गात पडद्यावर चित्रे दाखवायची म्हणून खिडक्यांना जाड, काळे कापड लावतात. ते जड असते, आणि मुले त्याला लोंबकळल्याशिवाय राहत नाहीत. तिथे दोन टोकांच्या आधारांवर भागवू नये, मध्ये तिसरा द्यावा. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे असली म्हणजे पडदा सारल्यावर उजेड अडत नाही.

भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडता येत नसतील, तर दोन भिंतींमध्ये दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी मिळते. पण तिच्यावर फक्त हलके कापड टाकावे.

आमच्या चौकटीतली ती चार भोके मी सिलिकॉनने बुजवली. दांडी आता भिंतीवर आहे. वडील मात्र अजून पडदा दोन बोटांनीच सारतात.