पाषाणाचें बळ व नमुन्याचें माप

जुन्या कागदावर नुसता वर्षाचा आंकडा आढळला, तर तो शालिवाहन शकाचा, शुहूर सनाचा कीं फसलीचा, हें ठरल्यावांचून संशोधक तो प्रमाण मानीत नाहीं. वास्तूंतील दगडाची दाब सहन करण्याची शक्ति सांगणाऱ्या आंकड्यासही हाच न्याय लागू आहे. तपासलेल्या नमुन्याचें माप दिलें नसेल, तर तो आंकडा अपुरा होय.

या विचाराचें मूळ एका हस्तलिखितांत सांपडतें. मिलान येथील आंब्रोझियाना ग्रंथालयांत लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याचा ‘कोदेक्स अत्लांतिकस’ हा टिपणसंग्रह आहे. त्यांत लोखंडी तारेस टोपली टांगून, तार तुटेपर्यंत तींत वाळू सोडण्याचा प्रयोग वर्णिला आहे. पुढें तीच तार निमपट, पावपट करून ती किती अधिक भार पेलते तें पाहावें, असें तो सांगतो.

याचें कारण पदार्थांतील दोषांत आहे. काच, दगड, काँक्रीट या ठिसूळ पदार्थांत सूक्ष्म भेगा असतातच. त्यांमुळें बळ कसें घटतें, हें ग्रिफिथ यानें १९२१ मध्यें काचेवरील प्रयोगांनीं दाखविलें. नमुना जितका मोठा, तितका त्यांत घातक भेग असण्याचा संभव अधिक. हें गणित स्वीडनच्या वायबुल यानें १९३९ मध्यें मांडिलें. मात्र दाबाखालीं एकाच भेगेनें दगड फुटत नाहीं. अनेक भेगा वाढून एकमेकींस मिळाव्या लागतात. म्हणून ताणापेक्षां दाबांत हा परिणाम सौम्य असतो.

तरी तो उपेक्षणीय नाहीं. होक व ब्राऊन यांनीं १९८० मध्यें दिलेल्या सूत्राप्रमाणें, ५० मिलिमीटर व्यासाच्या अखंड दगडी नमुन्याचें बळ १०० धरिल्यास २०० मिलिमीटर व्यासाच्या नमुन्याचें सुमारें ७८ भरतें. ही घट अमर्याद नसते. दक्षिण आफ्रिकेंतील कोळशावर बीनियाव्स्की यानें केलेल्या, १९६८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुमारें दीड मीटर बाजूच्या ठोकळ्यापुढें बळ जवळजवळ स्थिर राहिलें.

मापाप्रमाणें आकारही पाहावा लागतो. आखूड नमुना यंत्राच्या पोलादी तबकड्यांशीं होणाऱ्या घर्षणामुळें वास्तवाहून बळकट भासतो. यास्तव तुलना समान आकाराच्या नमुन्यांचीच करावी.

देवालयाच्या स्तंभांतून काढिलेल्या बारीक कांडीचा आंकडा जसाच्या तसा अख्ख्या स्तंभास लाविल्यास त्याच्या बळाविषयीं फाजील विश्वास उत्पन्न होईल, आणि त्या विश्वासावर चढविलेला भार स्तंभासच भोंवेल. म्हणून अशा नोंदींत नमुन्याची लांबी, व्यास व ओला-कोरडेपणा अवश्य लिहावा, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे.