काळोखात पूर्वेकडे वळणारी कळी

पहाटेचे साडेचार. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची कंटेनरांची रांग अजून सरलेली नाही. मानपाड्याच्या पुलावर त्यांचे दिवे एकामागून एक चढतात, उतरतात. मी सोसायटीच्या गच्चीवर एका कुंडीपाशी उकिडवा बसलो आहे. कुंडीत सूर्यफुलाचं रोप आहे, चाळीसेक दिवसांचं, शेंड्याला रुपयाएवढी हिरवी कळी. काल संध्याकाळी या कळीचं तोंड येऊरच्या डोंगराकडे होतं, सूर्य मावळला त्या बाजूला. आता ती कोलशेतच्या खाडीकडे पाहते आहे. उजाडायला दोन तास आहेत. पूर्वेला अजून काहीच नाही, ना तांबडं, ना फटफटीत. तरी ती तिकडे वळून बसली आहे.

सूर्यफूल सूर्यामागे फिरतं, हे आपण बालवाडीपासून ऐकतो. त्यातलं निम्मं आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं. फिरतं ते उमललेलं फूल नव्हे, फिरतं ते कळी धरलेलं कोवळं रोप. आणि दिवसभर सूर्याच्या मागे जाणं ही त्याची एक खेप झाली. दुसरी खेप रात्रीची, पश्चिमेकडून पूर्वेकडे, ज्याच्यासाठी जायचं तो समोर नसताना.

हे घडतं कसं? लाजाळूच्या पानांच्या बुडाशी पाण्याच्या दाबावर चालणारे सांधे असतात, म्हणून ती मिटतात. सूर्यफुलाच्या खोडात असा सांधा नाही. त्याला एकच गोष्ट येते, वाढणं, आणि ते दोन बाजूंनी सारखं वाढत नाही. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त लांबते. पालखीला खांदा देणाऱ्यांपैकी एका बाजूच्या भोयांनी खांदे उंचावले की पालखी दुसऱ्या बाजूला कलते, तसा शेंडा पश्चिमेकडे कलतो. सूर्य मावळला की पाळी बदलते. आता पश्चिमेकडची बाजू लांबू लागते आणि शेंडा सावकाश पूर्वेकडे ढकलला जातो. म्हणजे मी गच्चीवर बसून जे पाहत होतो, ती एका रात्रीची वाढ होती.

पण पाळी बदलायची वेळ झाली हे खोडाला कळतं कुठून? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या स्टेसी हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेले प्रयोग २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनी शेतातली रोपं आत आणली आणि बरोबर डोक्यावर एकच दिवा ठेवला, न हलणारा. अनुसरायला काही उरलं नाही, तरीही रोपं पुढचे काही दिवस पूर्व-पश्चिम डुलत राहिली. मग त्यांनी ओळीने दिवे लावून कृत्रिम सूर्य फिरवला. दिवस-रात्र मिळून २४ तासांचं चक्र होतं तोवर रोपं बिनचूक मागे गेली. ३० तासांचं चक्र केल्यावर त्यांचा ताल चुकला. रोपाच्या आत घड्याळ आहे आणि ते पृथ्वीच्या एका फेरीला जुळलेलं आहे. उन्हाळ्याच्या छोट्या रात्री रोप भराभर वळतं आणि लांब रात्री आस्ते, पण पहाटेपर्यंत पोचतंच, हेही त्यांनी नोंदवलं. ठाण्याला डिसेंबरातली रात्र १३ तासांची असते. माझ्या कळीला घाई नव्हती.

हे स्वतः पाहायचं असेल तर बी कधी पेरायचं? माझं उत्तर एकच, दिवाळी झाल्यावर. पावसाळा नको. कोकणपट्टीच्या धारांत कुंडीतली मुळं कुजतात, पराग धुऊन जातो आणि मधमाश्या बाहेर पडत नाहीत.

दुसरं कारण आकाशातलं आहे, आणि मला तेच जास्त आवडतं. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. मेच्या मध्यावर एका दुपारी सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो. तोच आपला शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर तो आपल्याला ओलांडून उत्तरेकडे जातो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा माथ्यावरून दक्षिणेला परततो. मधले दोन-सव्वादोन महिने भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत दुपारचं ऊन शिरतच नाही. डिसेंबरात मात्र दुपारी बारा-साडेबाराला तो दक्षिणेला जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि ऊन तिरपं होऊन थेट घरातल्या लादीपर्यंत येतं. दक्षिणेच्या गॅलरीला सूर्यफुलासाठी हिवाळाच हवा. गॅलरीतलं रोप फुलेल छान, पण सगळा उजेड एकाच बाजूने येत असल्याने ते बाहेरच झुकून राहील. त्याचं वळणं पाहायचं तर गच्चीच हवी, चारी बाजूंनी आकाश असलेली.

बी मिळायला अवघड नाही. पोपटांचं खाद्य म्हणून मिळणारं पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचं सूर्यफूलही उगवतं, फक्त ते भाजलेलं किंवा सोललेलं नसावं. कुंडी बारा इंचांची किंवा मोठी घ्यावी. बी रात्रभर भिजवावं आणि टोकदार बाजू खाली करून बोटाच्या एका पेराएवढं खोल पेरावं. मूळ त्याच टोकातून निघतं. पिशवीत रोप करून मग कुंडीत हलवण्याची सवय इथे बाजूला ठेवावी. सूर्यफुलाचं सोटमूळ पहिल्या आठवड्यापासून सरळ खाली धावतं, शेतात ते माणसाच्या उंचीएवढं खोल जाऊ शकतं, आणि हलवताना ते दुखावलं की रोप खुरटतं. आपल्या हवेत पाच ते आठ दिवसांत कोंब वर येतो, पुष्कळदा बियांचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन. ती टोपी ओढून काढू नये, आतली कोवळी दलं फाटतात. पाण्याचा थेंब सोडला की ती आपण होऊन पडते.

महिनाभरात शेंड्यावर हिरव्या चांदणीसारखी कळी दिसते. बुटक्या, लवकर येणाऱ्या जाती पेरल्यापासून ५० ते ६० दिवसांत फुलतात, उंच जातींना ७०-८० लागतात, आणि थंडीत सगळ्यांनाच चार दिवस जास्त. दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास पेरलेलं माझं रोप संक्रांतीच्या तोंडावर उमललं.

ज्या दिवशी पिवळ्या पाकळ्या पूर्ण उघडल्या, त्याच्या आसपास त्याचं फिरणं थांबलं. आधी वाटलं, माझंच निरीक्षण चुकतंय. संध्याकाळी सूर्य येऊरमागे गेला तरी फूल खाडीकडेच बघत होतं. पण ते साहजिकच होतं. वळणं म्हणजे वाढणं. खोडाची वाढ संपली की वळणंही संपतं, आणि ते संपतं पूर्वेला तोंड करून. डेव्हिसच्या गटाने काही कुंड्या फिरवून फुलांची तोंडं पश्चिमेला केली आणि मधमाश्या मोजल्या. पूर्वेकडच्या फुलांवर सकाळी पाचपट माश्या आल्या, कारण ती फुलं लवकर ऊबदार होतात. पश्चिमेकडच्या फुलांना हीटरने ऊब दिली तर त्यांच्याकडेही माश्या वाढल्या.

आता फुलाजवळ जाऊ. मी त्याला ‘फूल’ म्हणतो आहे, पण ते एक फूल नाहीच. दसऱ्याचा झेंडू आठवा. तोरण वाळल्यावर एक ‘पाकळी’ उपटली की तिच्या बुडाशी काळी काडी येते. ती काडी म्हणजे बी. ज्या पाकळीला स्वतःचं बी आहे, ती एक अख्खं फूल आहे. झेंडू, शेवंती, सह्याद्रीवर पिवळी चादर पसरणारी सोनकी, आपली जुनी करडई, ही सगळी सूर्यफुलाची भावंडं, आणि सगळ्यांची तऱ्हा अशीच. सूर्यफुलाच्या कडेची पिवळी पाती ही वांझ फुलं. त्यांना बी धरत नाही, त्यांचं काम बोलावण्याचं. त्यांच्या बुडाकडचा भाग अतिनील किरण शोषतो, म्हणून आपल्याला सरसकट पिवळं दिसणारं फूल मधमाशीला मधोमध गडद लक्ष्य काढल्यासारखं दिसतं. मधल्या तपकिरी तबकात शेकडो बारीक फुलं दाटीने बसलेली असतात, मोठ्या तबकात हजाराच्या वर. ‘तबक’ हा शेतीतला शब्द. फुलोऱ्याला याहून नेमकं नाव मला सुचत नाही.

ही बारीक फुलं एकदम उमलत नाहीत. कडेची आधी, मग रोज आतली काही वर्तुळं, असं आठ-दहा दिवस चालतं. प्रत्येक फूल पहिल्या सकाळी नर असतं. पुंकेसरांची नळी वर येते आणि पराग बाहेर ढकलला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच नळीतून दोन फाट्यांची कुक्षी वर येते आणि तेच फूल मादी होतं. भिंग घेऊन पाहिलं तर बाहेरच्या वर्तुळात कालच्या माद्या, मधल्यात आजचे नर, आणि केंद्रात उद्या-परवाच्या मिटलेल्या कळ्या दिसतात. माझ्या गच्चीवर सातेरी माश्या आल्या, आणि एक-दोनदा आग्यासुद्धा. आग्यांची पोळी हल्ली टॉवरांच्या सज्ज्यांखाली लोंबतात. माशी बाहेरच्या कडेवर उतरायची आणि गोल चालत राहायची.

मीही बोट धरून गोल फिरलो, तेव्हा नागमोडी रांगा दिसल्या. उजवीकडे वळणाऱ्या मोजल्या, ३४. डावीकडे वळणाऱ्या, ५५. दोनदा मोजल्या. मोठ्या तबकांत ५५ आणि ८९ सापडतात. या संख्या एका माळेतल्या: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज. जग तिला फिबोनाचीच्या नावाने ओळखतं. त्याचं पुस्तक १२०२ सालचं. पण आपल्याकडे ही माळ त्याआधीच विरहांक आणि हेमचंद्र या छंदशास्त्रज्ञांनी मांडली होती, तीही कवितेसाठी. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरता येईल? गुरु-गुरु, गुरु-लघु-लघु, लघु-गुरु-लघु, लघु-लघु-गुरु, चार लघु. पाच तऱ्हा. पाच मात्रांची आठ, सहाची तेरा. शाळेत मात्रा मोजताना आपण याच माळेवर बोट ठेवून असतो.

सूर्यफूल छंद मोजत नाही. कोवळ्या तबकात प्रत्येक नवं फूल आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंश फिरून, जिथे सगळ्यात मोकळी जागा आहे तिथे, मूळ धरतं. समजा ते ९० अंशांनी फिरलं असतं, तर सगळी फुलं चार रांगांत आली असती आणि मधली जागा वाया गेली असती. १३७.५ हा कोन कुठल्याच साध्या अपूर्णांकात बसत नाही, म्हणून एकही फूल दुसऱ्याच्या अगदी मागे येत नाही, आणि दाटीतून या रांगा आपोआप उमटतात. संगणकाचा पाया घालणारा अ‍ॅलन ट्युरिंग आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत या कोड्याच्या मागे होता. त्याच्या जन्मशताब्दीला, २०१२ मध्ये, मँचेस्टरच्या पुढाकाराने लोकांनी घरोघरी सूर्यफुलं लावून रांगा मोजल्या. बहुतेक तबकं माळेत बसली, पण काही बसली नाहीत. मला ती न बसणारी फार जवळची वाटतात.

मूळ उत्तर अमेरिकेतलं हे रोप तेलबी म्हणून आपल्या शेतात आलं ते १९६९ मध्ये, रशियन वाणांच्या रूपाने. सोलापूर, लातूर, धाराशिवच्या काळ्या जमिनीत ते रुजलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या वाणांची नावं आहेत ‘भानू’ आणि ‘फुले भास्कर’, दोन्ही सूर्याचीच. पुढे सोयाबीनने त्याची बरीच जागा घेतली. पण ज्यांनी हे पीक घेतलं आहे त्यांना फुलोऱ्यातली सकाळ आठवत असेल. माश्या कमी असल्या की तबकं पोचट राहतात, म्हणून हाताला मऊ फडकं गुंडाळून, सकाळी सात ते अकराच्या दरम्यान, एकेका तबकावरून हलकेच हात फिरवत शेतभर चालायचं. जुन्या जातींना स्वतःचा पराग फारसा चालत नाही. गच्चीवरही म्हणून एकटं रोप लावू नये, तीन-चार शेजारी शेजारी असावीत.

फुलल्यानंतर महिनाभराने तबकाची पाठ हिरवी सोडून लिंबासारखी पिवळी होते, मान खाली जाते, बी भरतं. हे सर्वांत आधी पोपटांना कळतं. शेतात त्यांच्यासाठी सकाळ-संध्याकाळ राखण असते. माझ्या तबकांना मी जुनी मलमलीची ओढणी बांधली, तरी येऊरकडून आलेल्या थव्याने एक तबक नेमकं टिपलं, कडेच्या दोन रांगा, टरफलं खाली टाकून.

उरलेल्यातलं थोडं बी मी लगेच पेरून पाहिलं. ओल होती, ऊन होतं, पण एकही उगवलं नाही. मग कळलं की ताज्या बियांची झोप असते, साधारण दीड महिन्याची. तेव्हापासून बाकीच्या बिया कागदाच्या पाकिटात घालून, वर तारीख लिहून, तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या आहेत. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत त्या तिथेच राहतील.