फळीवरचा हिशेब

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातल्या जंगलाकाठच्या गावांत सकाळी दहाला घरी धडधाकट माणूस सापडत नाही. पहाटे अंधारातच माणसं तेंदूपानं तोडायला निघतात, उन्हं चढल्यावर ओझी घेऊन परततात आणि मग ओसरीत घरची म्हातारी माणसं, पोरंसोरं सगळी मिळून पुडे बांधायला बसतात. एका पुड्यात सत्तर पानं. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे गावच्या खरेदी केंद्रावर जातात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पानं चांगली यावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी झालेली असते. तोडाई मात्र दहा-पंधरा दिवसांत आटोपते, आणि त्यातही अवकाळी पाऊस पडला तर पान डागाळतं.

गडचिरोली-चंद्रपूरच्या वनगावांत वर्षभरात एकरकमी रोकड हाती येण्याचा हा मोठा मोसम. मात्र १९६९ च्या महाराष्ट्र वनउपज व्यापार कायद्यानंतर कित्येक वर्षं पानांचा लिलाव वनविभाग करायचा, ठेकेदार पानं न्यायचा आणि गावाच्या वाट्याला मजुरी यायची. १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्याच गावात ग्रामसभेच्या हाती बांबूचं वाहतूक परवाना पुस्तक दिलं. २०१३ च्या हंगामात विदर्भातल्या काही ग्रामसभांनी तेंदूही स्वतः विकायला काढला. मालक झालेल्या गावाला हा व्यापार चालवावा कसा लागतो, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिलं काम ठरावाचं. विक्री वनविभागामार्फत करायची की स्वतः, हे ग्रामसभेने हंगामाच्या बरंच आधी ठरवायचं असतं. स्वतः करायचं ठरलं की पॅन लागतो, बँकेत खातं लागतं, सह्यांचे अधिकार कोणाला हे लिहून ठेवावं लागतं. एकट्या गावाची पानं थोडी, म्हणून शेजारची गावं गट करतात आणि एकच निविदा काढतात. निविदा ऑनलाइन काढली की परराज्यातला व्यापारीही बोली लावू शकतो. तंत्रज्ञानाचा इथला खरा उपयोग हाच. चार ठेकेदार चहाच्या टपरीवर बसून भाव ठरवून टाकतात, त्याला थोडा अडसर बसतो.

आता फळीवर या, कारण पैसा मुरतो तो इथेच. समजा, करार गोणीला १०,००० रुपयांनी झाला. तोडणाऱ्याला शेकडा पुड्यांमागे ४०० रुपये मजुरी, म्हणजे गोणीमागे ४,०००. उरलेले ६,००० ग्रामसभेचे. गावात त्याला रॉयल्टी म्हणतात. गावाने ३०० गोण्या दिल्या तर ग्रामसभेकडे १८ लाख येतील. फळीवर ठेकेदाराचा दिवाणजी वही घेऊन बसलेला असतो. पुडे फुटतात, पानं कमी भरतात, असं सांगून शेकड्यामागे चार-पाच पुडे जादा घेण्याची जुनी चाल आहे. पाच पुडे म्हणजे काय मोठं, असं तोडणाऱ्या बाईला वाटतं. ३०० गोण्या म्हणजे तीन लाख पुडे. त्यावर शेकडा पाचने १५,००० पुडे, म्हणजेच १५ गोण्या, वरच्या भावाने दीड लाख रुपये. हा माल कुठल्याच वहीत चढत नाही.

म्हणून शहाण्या ग्रामसभा आपला माणूस फळीवर बसवतात आणि वही दोन ठिकाणी लिहितात. प्रत्येक कुटुंबाकडे कार्ड, ग्रामसभेकडे रजिस्टर. रोज संध्याकाळी दोन्हीवर तोच आकडा आणि सही. रजिस्टरच्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला की नंतर कोणी आकडा फिरवू शकत नाही. आतल्या गावांत नेटवर्क दगा देतं, पण फोटोला नेटवर्क लागत नाही. बारावी झालेली मुलगी हे काम सहज करते, आणि मोजणीला बायाच जास्त असल्याने तिच्याशी त्या उघड भांडतातही. माझ्या मते, गावातल्या माणसांचं कर्तृत्व पुढे आणायचं तर आधी अशा मुलीला त्या वहीवर बसवावं. मोठी सॉफ्टवेअरं नंतर आणावीत.

पुडे उन्हात वाळवून, उलटेपालटे करून झाले की बोदभराई होते, म्हणजे पानं पोत्यांत भरतात. मग माल गोदामाकडे निघतो, आणि ग्रामसभेच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार इथे कामाला येतं. २०१२ मध्ये सुधारलेल्या वनहक्क नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा तिने नेमलेला माणूस देतो. करारात हप्ते लिहिलेले असतात. हप्ता बँकेत जमा झाल्याची नोंद पासबुकात दिसेपर्यंत परवान्यावर सही करायची नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मी भांडणं टळतात. ‘साहेब, पुढच्या महिन्यात टाकतो’ या शब्दावर परवाना दिलेल्या गावांचे पैसे नंतर अडकलेले आहेत.

करही समजून घ्यावा लागतो. तेंदूपानांवर जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला; भाव बोलताना व्यापारी हे गृहीत धरतो, गावानेही धरलं पाहिजे. शिवाय आयकर कायद्यानुसार तेंदूपानं विकणाऱ्याने खरेदीदाराकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळी वसूल करायचा कर, घेऊन भरायचा असतो. लेखापालाला चार पैसे दिलेले परवडतात, नोटीस परवडत नाही.

मुलचेऱ्यात एक वेगळा पेच आहे. सुंदरनगर, विवेकानंदपूर या गावांत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं १९६० च्या दशकात वसवली गेली. वनहक्क कायद्यात आदिवासींखेरीज इतरांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ही कुटुंबं त्यात बसत नाहीत. पेसाची ग्रामसभा मात्र मतदारयादीवर उभी असते, तिथे आजोबा कुठून आले हे विचारत नाहीत. एकाच फळीवर गोंड, माडिया आणि बंगाली माणसं पुडे आणत असतील तर मजुरी सगळ्यांना सारखी. रॉयल्टी कोणात आणि कशी वाटायची, हे हंगामाआधी लिहून ठेवलेलं बरं. जूनमध्ये पैसे आल्यावर हा वाद काढला तर तो मिटत नाही.

आणि हा सगळा व्यवहार विडीवर उभा आहे आणि त्याची किंमत जंगल आणि माणसं मोजतात, हेही विसरू नये. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा गावाने तेंदूपानं तोडणंच थांबवलं. पानांसाठी झाडं छाटली जातात, जंगलात आगी लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला ते झेपेलच असं नाही. वाघाचा धोकाही आहेच. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गटाने जाणं, उजाडल्यावर निघणं आणि विम्याचा खर्च करारातच घालणं, हे ग्रामसभेच्या हातातलं आहे.

तुमच्या गावात तेंदूचा व्यवहार होत असेल तर जानेवारीच्या ग्रामसभेत गेल्या हंगामाचं रजिस्टर, परवाना पुस्तक आणि पासबुक एकत्र मागवा. तिन्हींतले गोण्यांचे आणि रुपयांचे आकडे मोठ्याने वाचायला लावा. जुळले नाहीत तर नवी निविदा त्या दिवशी काढू नका.