नाव खरे सांगा, ते गुप्तच राहील

एचआयव्हीच्या तपासणीसाठी ब्रह्मपुरीतले काही जण मुद्दाम चंद्रपूर किंवा नागपूर गाठतात. इथे कुणी ओळखीचे भेटेल, ही भीती. लग्न ठरलेला तरुण, मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेला मजूर, ट्रकचालक, नवरा सतत आजारी असलेली बाई. आजारापेक्षा गावातल्या कुजबुजीचीच धास्ती जास्त. मग काही जण नाव आणि मोबाइल नंबर खोटा देतात. अशा व्यक्तीला लागण आढळली आणि ती परत आली नाही, तर उपचारासाठी तिला शोधायचे कुठे?

सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात तपासणी आणि समुपदेशन मोफत असते. २०१७च्या कायद्यानुसार तपासणीआधी तुमची संमती घ्यावी लागते आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. जोखमीच्या प्रसंगानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करा.

लागण असली तरी औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.