निर्देशिकेतील नावांचा क्रम

माणसांची नावे व गावे साठविणाऱ्या संगणकीय निर्देशिकेत शोध घेतला असता नोंदी ठराविक क्रमाने येतीलच असे नाही. पीएचपी या आज्ञाभाषेत त्या लावून देणारी ‘एलडॅप-सॉर्ट’ ही सोय होती. २०२० च्या आठव्या आवृत्तीतून ती वगळण्यात आली. आता नोंदी गोळा करून क्रम आपणच लावावयाचा.

संगणकास अक्षरे कळत नाहीत. तो त्यांचे संकेतांक ताडून पाहतो. कोलकात्यालगतचे एकच गाव कोणी ‘डमडम’ लिहितो, कोणी ‘दमदम’. युनिकोडमध्ये ‘ड’चा अंक २३३७, ‘द’चा २३४२, म्हणून गाववार यादीत या दोहोंच्या मध्ये तळेगाव, थेऊर येऊन बसतात. क्रम बिनचूक असूनही तेथील काही माणसे शोधणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. यास्तव क्रम लावण्यापूर्वी गावाचे लेखन एकच ठरवावे.